वाचक विचारतात : दुरुस्ती की फेररचना?

प्रश्न : आम्ही सनीव्हेलला राहतो. दुकानांच्या दाराशी सह्या गोळा करणारे म्हणतात की, पुरेशा सह्या जमल्या तर कॅलिफोर्नियाची राज्यघटनाही बदलते. मग सह्यांच्या जोरावर अख्खी घटनाच नव्याने लिहिता येईल का?

उत्तर : दुरुस्ती करता येते, फेररचना, म्हणजे घटनेची मूळ चौकटच बदलणं, नाही. सह्यांचा हा मार्ग १९११ पासून आहे. मसुदा २,००० डॉलर भरून अॅटर्नी जनरलकडे द्यायचा. तिथून मथळा आणि सारांश मिळाला की सह्यांसाठी १८० दिवस. मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या मतदानावरून हा आकडा ८,७४,६४१ येतो. साध्या कायद्याला ५ टक्के पुरतात.

सह्या जमल्या तरी काही मोहिमा तपासणीत अडखळतात. प्रत्येक काउंटी ५०० किंवा ३ टक्के, यांपैकी जास्त असतील तेवढ्या सह्या नमुना म्हणून तपासते. त्यावरून वैध सह्यांचा अंदाज गरजेच्या ११० टक्क्यांवर गेला तर प्रस्ताव पात्र, ९५ च्या खाली आला तर बाद. मधे अडकला तर एकेक सही तपासतात. सह्या बाद होतात त्या अशा : नोंदणीतला पत्ता जुळत नाही, सही करणारा मतदारच नसतो (ग्रीन कार्डवाल्यांची सही चालत नाही), किंवा एकाच माणसाची सही दोनदा येते. नमुन्यात दुबार सही सापडली तर अंदाज फार खाली येतो, म्हणून जाणती मंडळी भरपूर जादा सह्या घेतात.

फेररचनेला मात्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं आणि मग जनतेचा कौल लागतो. नाहीतर घटना परिषद. अशी शेवटची परिषद १८७८-७९ मध्ये भरली. विधिमंडळाचा मार्गही सोपा नाही : फेररचनेचा १९६६ चा पहिला हप्ता मतदारांनी मान्य केला, १९६८ चा फेटाळला.

दुरुस्ती कुठे संपते हे राज्याचं सर्वोच्च न्यायालय ठरवतं. १९४८ मध्ये २१,००० हून जास्त शब्दांचा एक प्रस्ताव आला होता. पेन्शन, जुगार, मासेमारी, खाणी, सगळं एकात कोंबलेलं! घटनेच्या २५ पैकी किमान १५ अनुच्छेदांना तो हात घालत होता. न्यायालयाने तो मतपत्रिकेवर येऊच दिला नाही. पण शब्द कमी म्हणजे दुरुस्तीच, असंही नाही. १९९० च्या प्रस्ताव ११५ मधलं एकच कलम आरोपींच्या हक्कांबाबत राज्याच्या न्यायालयांना संघराज्याच्या घटनेपलीकडे जाऊ देत नव्हतं. न्यायालयाचा अधिकारच काढून घेतला जातो म्हणून तेवढं कलम रद्द झालं.

प्रश्न : मग समलिंगी विवाहाचा हक्क काढणारा २००८ चा प्रस्ताव ८ दुरुस्ती कसा ठरला?

उत्तर : त्यात इंग्रजीतले अवघे १४ शब्द होते आणि शासनाची चौकट हलत नव्हती, असं न्यायालयाने २००९ मध्ये म्हटलं. न्यायमूर्ती मोरेनो यांचं मत विरोधी होतं, आणि आम्हाला तेच पटतं. अल्पसंख्याकांचा मूलभूत हक्क साध्या बहुमताने जात असेल तर ती चौकट हललीच. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूळ ढाच्याला हात लावायचा नाही, अशी संसदेलाही मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाची कसोटी तेवढी खोल जात नाही. संघराज्याच्या न्यायालयांतून विवाह २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले, पण ते १४ शब्द घटनेत राहिलेच. ते काढायला विधिमंडळाने दोनतृतीयांश मतांनी प्रस्ताव ३ मांडला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी तो मंजूर केला.