‘त्याला जमतं, मग तुला का नाही?’

प्रश्न: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे, फिजिक्समध्ये 52 गुण. शाळेच्या बँडमध्ये ऑटिझम असलेला सातवीतला एक मुलगा ड्रम वाजवतो. माझ्या मुलाने त्याची जागा झांजांपासून लांब करून घेतली, गाण्यांच्या क्रमाची चित्रपट्टी बनवून दिली. सगळा वेळ त्यातच जातो. आता विशेष शिक्षक व्हायचं म्हणतो. मी रोज सांगतो, ‘त्याला ऑटिझम असून जमतं, तू धडधाकट असून फिजिक्स का जमत नाही?’ त्या मुलाचा व्हिडिओही मी आमच्या ग्रुपवर टाकला, इतरांनी प्रेरणा घ्यावी म्हणून. मुलाच्या डोक्यातलं हे खूळ कसं काढू?

उत्तर: सर, गुणांचं नंतर बघू. आधी ते रोजचं वाक्य बंद करा. त्यात दोन्ही मुलांचा अपमान आहे. तो मुलगा ड्रम वाजवतो कारण त्याला ताल कळतो आणि त्याने सराव केलाय. तुमच्या मुलाला लाज वाटावी म्हणून तो वाजवत नाही. व्हिडिओ टाकण्याआधी त्याच्या आईवडिलांना विचारलं होतं का? नसेल, तर आजच काढून टाका आणि त्यांना तसं कळवा.

ज्याला तुम्ही वेळ घालवणं म्हणता, तेच मला तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना अचानक येणारा कर्कश आवाज अक्षरशः सोसवत नाही. पुढे काय होणार हे डोळ्यांना दिसलं, की ताण कमी होतो. तुमच्या मुलाने या दोन्ही गोष्टी न शिकवता हेरल्या. त्याला एवढंच सांगा, की ऐन वेळी गाण्यांचा क्रम बदलला तर आधी पट्टीवरची चित्रं बदलायची, मग वाजवायला सांगायचं. पट्टी एकदा खोटी ठरली, की मूल तिच्यावर विसंबत नाही.

या कामाला माया आणि संयम असला की पुरे, हुशारीची गरज नाही, हा समज मात्र साफ चुकीचा. मूल कानांवर हात ठेवून खोलीबाहेर पळालं, तर मायाळू माणूस समजूत घालत बोलत राहतो आणि ताण आणखी वाढवतो, कारण त्या क्षणी शब्दही मुलाला जड होतात. शिकलेला माणूस बोलणं थांबवतो, आवाज आणि गर्दी कमी करतो, सावरायला वेळ देतो. नंतर तो लिहून ठेवतो: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, त्यानंतर काय झालं. अशा बऱ्याच नोंदी झाल्या, की धागा सापडतो; कधी दोन वाद्यं एकदम जुळवली जात असतात, कधी मधली सुट्टी बुडालेली असते. मग एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर फरक कशाने पडला ते कळत नाही. तुमच्या फिजिक्सच्या प्रयोगवहीत याहून वेगळं काय असतं?

वाटा थोडक्यात: विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, म्हणून प्रवेशाआधी अभ्यासक्रमाला या परिषदेची मान्यता आहे का ते तपासा. ऑक्युपेशनल थेरपीसाठी, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवण्याच्या उपचारासाठी, बारावीला जीवशास्त्र हवं. फिजिक्सचे 52 एकेक धडा पकडून वाढवता येतील, त्यासाठी बँड सोडायला लावू नका.

आता थोडं मुलासाठी. एका मित्रावरून क्षेत्र ठरवू नकोस. ऑटिझम असलेली दोन मुलं सारखी नसतात. पुढचं मूल कदाचित बोलणार नाही, ड्रम ऐकून खोलीच सोडेल. सुट्टीत एखाद्या थेरपी केंद्रात परवानगी घेऊन तीन-चार आठवडे मदतनीस म्हणून जा. तिथे शर्टाचं एक बटण लावणं आठवडाभर चालतं, आणि तेवढीच प्रगती असते. रोज वहीत लिही, मुलांची नावं न घालता. तिसऱ्या आठवड्यातही लिहायला नवं काही सापडत असेल, तर हे क्षेत्र धर. मुलांपेक्षा पट्ट्या आणि साधनांबद्दलच जास्त लिहिलं गेलं, तर डिझाइनची चौकशी कर.

आणि सर, ती वही तुम्ही तपासू नका.