गुप्तहेराचा ‘सरकारमान्य परवाना’ घेतला, आता झोप लागत नाही

प्रश्न : मी कोल्हापूरला राहते. बँकांच्या कर्जदारांची घरोघरी जाऊन पडताळणी करायचं काम सहा वर्षं केलं. माणसं बोलती करणं मला जमतं, म्हणून गुप्तहेर व्हायचं ठरवलं. एका संस्थेचा सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स ४५,००० रुपये भरून केला. शेवटी त्यांनी ‘सरकारमान्य खासगी अन्वेषक परवाना’ असं लिहिलेलं प्रमाणपत्र आणि तीन सिंहांची मुद्रा असलेलं ओळखपत्र पाठवलं. पहिलं काम एका बाईंचं आलं. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत असा त्यांना संशय आहे. त्यांना त्याच्या नंबरचा तीन महिन्यांचा सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदींचा तपशील, हवाय आणि गाडीखाली जीपीएस लावून हवाय. कोर्समध्ये ओळख झालेला एक जण १५,००० रुपयांत सीडीआर काढून देतो म्हणतो. मी बाईंकडून १०,००० आगाऊ घेतलेत. माझा मावसभाऊ दोन दिवस त्या दुसऱ्या बाईच्या मागे स्कूटरवरून फिरला. परवाना असल्यावर हे चालतं ना? परवा एका ओळखीच्या हवालदारांनी कार्ड बघून ‘हे कुठून आणलंस?’ असं विचारलं, तेव्हापासून झोप लागत नाही.

उत्तर : ताई, आधी तातडीचं सांगतो. सीडीआर मागवू नका, त्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका. मावसभावाला आजच थांबवा. ते कार्ड कुणालाही दाखवू नका, पण फाडूनही टाकू नका. पुढे ते तुमच्याच उपयोगाला येणार आहे.

आता परवान्याचं. भारतात खासगी गुप्तहेराला परवाना देणारा कायदाच नाही. २००७ साली राज्यसभेत खासगी गुप्तहेर संस्थांच्या नियमनाचं विधेयक आलं होतं. केंद्रात आणि राज्यांत नियामक मंडळं असावीत, त्यांनी परवाने द्यावेत, अशी त्यात तरतूद होती. त्याचा कायदा झाला नाही, पुढे ते मागे घेतलं गेलं. त्यामुळे तुमच्या हातातलं ‘सरकारमान्य’ प्रमाणपत्र कुठल्याही सरकारने मान्य केलेलं नाही. कॅलिफोर्नियात या धंद्याला खरोखर सरकारी परवाना लागतो, त्यासाठी साधारण ६,००० तासांचा तपासकामाचा अनुभव दाखवून लेखी परीक्षा द्यावी लागते. तिकडची गोष्ट इकडे खपवणं सोपं जातं, कारण आपल्याकडे असा परवाना असेलच असं लोक गृहीत धरतात.

जाब विचारला की अशा संस्था बऱ्याचदा ‘पसारा’ लायसन्सकडे बोट दाखवतात. तो २००५चा खासगी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा कायदा. तो परवाना सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीसाठी आहे, म्हणजे माणसांच्या नाहीतर मालमत्तेच्या राखणीसाठी. कुणाची चौकशी करण्याचा, कुणावर पाळत ठेवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. शिकवणाऱ्या संस्थेकडे तो असला तरी तुमच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की कायद्यापुढे तुम्ही एक सामान्य नागरिक आहात. शेजारच्या काकूंना जे करता येतं ते तुम्हाला करता येईल, आणि त्यांना जे केल्यावर अटक होईल त्यासाठी तुम्हालाही होईल. हे मी मोठ्या तळमळीने सांगतोय, कारण या धंद्यात नव्याने आलेली माणसं नेमकी इथेच फसतात. खिशात कार्ड असलं की आपल्याला थोडी जास्त मोकळीक आहे असं वाटू लागतं.

त्या कार्डाबद्दल हवालदारांना शंका आली ती योग्यच होती. राजमुद्रेच्या गैरवापराला बंदी घालणारा २००५चा कायदा आहे. सरकारी पदाचा भास होईल अशा तऱ्हेने मुद्रा वापरली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ते दाखवून ‘सरकारी तपास आहे’ असं कुणाला सांगितलंत, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २०४ लागतं. लोकसेवक असल्याची बतावणी करण्याचा तो गुन्हा, कैद किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं. आजवर कुणाला असं सांगितलं असेल तर तुमच्या वकिलापासून ते लपवू नका.

सीडीआर हा यातला सगळ्यात धोक्याचा भाग. कुणी कुणाला, कधी, किती वेळ फोन केला आणि तेव्हा फोन कुठल्या टॉवरला होता याची ही नोंद टेलिकॉम कंपनीकडे असते. ती मिळवायचा कायदेशीर मार्ग पोलीस, इतर तपास यंत्रणा आणि न्यायालय यांच्यापुरताच आहे. १५,००० रुपयांत ‘काढून देणारा’ माणूस ती कंपनीतल्या कुणाकडून तरी किंवा पोलिसांच्या नावाने खोटी मागणी करून चोरतो, तिसरा मार्ग नाही. दूरसंचार कायदा २०२३ च्या कलम ४२ मध्ये अशा डेटापर्यंत अनधिकृतपणे पोचायला, नुसत्या तशा प्रयत्नालाही, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ते कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे आणि कॉल रेकॉर्डचा त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. त्याआधी २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआरच्या बेकायदा विक्रीचं प्रकरण उघडकीस आणलं, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेर होते. त्यांत या धंद्यात वर्षानुवर्षं नाव कमावलेली माणसंही होती. तुमचं तर हे पहिलंच काम आहे.

शिवाय तो कागद तुमच्या बाईंच्या कामाचाही नाही. माझ्याकडे एकदा एक अशील नवऱ्याचा सीडीआर पेन ड्राइव्हवर घेऊन आल्या होत्या. मी तो दाखल केला नाही. न्यायालयात पहिला प्रश्न आला असता, ‘हा कुठून मिळाला?’ आणि त्याचं खरं उत्तर दिलं असतं तर त्या स्वतःच आरोपी झाल्या असत्या.

खरं म्हणजे बाईंना हीच माहिती सरळ वाटेने मिळू शकते, आणि तुम्ही त्यांना हे सांगितलंत तर ती तुमच्या हातून झालेली मोठी मदत ठरेल. परस्त्रीसंबंध हा २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गुन्हा उरलेला नाही, पण हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण आजही आहे. कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल झाला की त्यांचे वकील नवऱ्याचे कॉल रेकॉर्ड आणि हॉटेलच्या नोंदी मागवण्याची विनंती करू शकतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा नोंदी मागवण्याचा आदेश कायम ठेवला होता. प्रत्येक न्यायाधीश मान्य करेलच असं नाही, गोपनीयतेचा आक्षेप येणारच. पण विनंती करण्यात गुन्हा नाही. टेलिकॉम कंपन्यांना या नोंदी किमान दोन वर्षं जपून ठेवाव्या लागतात, त्यामुळे आज रात्रीच हवं अशी घाई नाही, आणि फार रेंगाळूनही चालणार नाही. पोटगीचा प्रश्न असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. त्यात नवऱ्याने काय लपवलं हे शोधणं, तिथे तुमच्यासारख्या माणसाला खरं काम आहे.

गाडीखाली जीपीएस लावू नका. गाडी बाईंच्या नावावर असली तरी चालवणाऱ्याच्या नकळत त्याच्या हालचाली टिपणं हा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालानंतर, म्हणजे गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरल्यानंतर, गोपनीयतेचा प्रश्न होतो. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल आणि ती लावलेल्या जागेत तुम्ही शिरलात, तर अतिक्रमणाचा आरोप वेगळा.

मावसभावाचं जरा नीट समजून घ्या. न्याय संहितेच्या कलम ७८ मधला पाठलागाचा गुन्हा पुरुषाने स्त्रीचा पाठलाग केल्यास होतो. कलमाचे शब्द पाहिले तर नुसतं मागे जाणं पुरत नाही, तिची अनिच्छा स्पष्ट असताना पुन्हा पुन्हा संपर्काचा प्रयत्नही लागतो. पण इंटरनेट, ईमेल यांच्या तिच्या वापरावर पाळत ठेवली तर तेवढंही पुरतं. गुन्हा रोखण्याची जबाबदारी सरकारने सोपवलेल्या माणसाला या कलमात सूट आहे, तुमच्या भावाला ती नाही. त्या बाईने उद्या तक्रार दिली तर कलमाचा काटेकोर अर्थ शेवटी न्यायालयात लागेल, पण पोलीस ठाण्याच्या चकरा त्याआधी सुरू होतील. पोराचं वय काय, नोकरीचे अर्ज कुठे भरलेत, याचाही विचार करा. आणि माणूस म्हणूनही सांगतो, ती बाई या प्रकरणात कुणाची पक्षकार नाही. दोन दिवस एक स्कूटर आपल्या मागे आहे हे तिच्या लक्षात आलं असेल, तर तिचीही झोप उडाली असेल.

मग धंदा करायचाच नाही का? जरूर करा. तुमच्या सहा वर्षांच्या पडताळणीच्या अनुभवाची किंमत त्या प्रमाणपत्रापेक्षा किती तरी जास्त आहे. शॉप अ‍ॅक्टची नोंद ऑनलाइन करा, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट होते, व्यवसाय कर भरा, वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी घ्या. फलकावर ‘चौकशी व पडताळणी सेवा’ असं लिहा, ‘परवानाधारक’ हा शब्द नको. लग्नाआधीची चौकशी, नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची पडताळणी, जागेच्या व्यवहाराआधीची माहिती, ही कामं भरपूर आहेत. सातबारा, नोंदणी विभागाचा इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा), ई-कोर्टवरची खटल्यांची स्थिती, कंपन्यांच्या नोंदी, माहिती अधिकाराचे अर्ज, यातलं बहुतेक सगळं उघडपणे मिळतं. सार्वजनिक जागी उभं राहून जे दिसतं ते बघणं आणि लिहून ठेवणं हा गुन्हा नाही. खिडकीतून आत डोकावून फोटो काढणं मात्र गुन्हा आहे.

फोटो काढलात तर मूळ फोन जपा, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्याचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) आणि तज्ज्ञाने भरायचा भागही असतो. तुम्हाला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, हे काम घेतानाच गृहीत धरा. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोमधलं गुपचूप रेकॉर्ड केलेलं संभाषण त्यांच्यातल्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असं म्हटलं. त्याचा हवाला देऊन ‘आता सगळं चालतं’ असं कुणी सांगेल. तिथे रेकॉर्ड करणारा स्वतः त्या संभाषणातला एक होता. तुम्ही दुसऱ्यांचं बोलणं टिपणार असाल तर तो निकाल तुमच्या कामाचा नाही.

४५,००० रुपये मात्र सोडू नका. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची पावती, प्रमाणपत्र, कार्ड, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप एकत्र करा. आधी लेखी नोटीस पाठवा. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, संस्था कुठल्याही गावची असो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, मुदत दोन वर्षांची. ‘शिक्षण ही सेवा नाही’ असा बचाव ते घेतील. कोचिंग क्लासला तो लागू होत नाही अशी भूमिका राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये घेतलेली आहे. मला स्वतःला पोलीस तक्रारही करावीशी वाटते, कारण नसलेला परवाना विकणं ही सरळ फसवणूक आहे, न्याय संहितेचं कलम ३१८. तुम्ही स्वतः तक्रारदार म्हणून कार्ड पोलिसांपुढे ठेवलंत, तर ते वापरल्याचा संशय तुमच्यावर येण्याची शक्यताही कमी होते. त्या हवालदारांनाच विचारून ठाण्यात जा, वकील बरोबर असू द्या.

बाईंचे १०,००० आजच ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा आणि असा निरोप लिहून पाठवा : ‘ताई, सीडीआर आणि जीपीएस ही दोन्ही कामं बेकायदा आहेत, मी ती करणार नाही, माझ्या ओळखीतूनही करून देणार नाही. तुमचे पूर्ण पैसे परत केले आहेत. कॉलच्या नोंदी न्यायालयामार्फत मागता येतात, त्यासाठी कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलांना भेटा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलांना मोफत वकील मिळतो.’