गोव्यात थोरांना थिएटर आणि तरुणांना घरी सिनेमा बघणं आवडतं, असं का?

मूळ सिनेमात नाही, जत्रेत आहे असं मला वाटतं. आईबाबांची पिढी देवळापुढच्या मांडवात रात्र रात्र नाटकं बघत वाढली. शेजारची मावशी रडली की आपलेही डोळे भरायचे, आणि नाटक बघणं म्हणजे तेच होतं. थिएटरमध्ये त्यांना तोच मांडव सापडतो. आई घरी टीव्हीवर सिनेमा लावला की अर्ध्यात उठून भाजी चिरायला घेते!

तरुण आळशी म्हणून घरी बघतात, हे मात्र मला पटत नाही. रात्रीचा खेळ सुटल्यावर पणजीहून गावी परतायला बस नसते, मग मोबाईल बराच. २००४ पासून इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो, तिथल्या रांगांत कॉलेजची पोरं कितीतरी दिसतात.