फाइल ‘वेल-फॉर्म्ड’ आहे पण ‘व्हॅलिड’ नाही, म्हणजे नेमकं काय?

अण्णांनी विचारलंय की अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून चादरी-टॉवेलच्या मालाची एक्सएमएल फाइल (माहितीला लेबलं लावून ती कॉम्प्युटरला वाचता येईल अशी लिहायची पद्धत) बाहेरच्या पार्टीला पाठवली तर उत्तर आलं ‘वेल-फॉर्म्ड आहे, व्हॅलिड नाही’, डिक्शनरीत बघावं तर दोन्हीचा अर्थ फिरून फिरून ‘बरोबर’ असाच निघतो, मग एकच फाइल बरोबर पण आणि चूक पण कशी, आणि मराठीत याला म्हणायचं काय.

अण्णा, या दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत. वेल-फॉर्म्डमध्ये फक्त बांधणी बघतात. उघडलेला टॅग, म्हणजे टोकदार कंसातलं लेबल, बंद केलाय का, आतला टॅग बाहेरच्याच्या आधी बंद झालाय का, सगळ्यांना पोटात घेणारा एकच मूळ टॅग आहे का, बस. आपल्याकडं हमखास अडतं ते ‘अमुक & सन्स’ मधल्या त्या & ला, ते चिन्ह मजकुरात तसंच टाकलं की वाचणारं सॉफ्टवेअर तिथंच थांबतं, कारण त्या चिन्हापासून कोड सुरू होतो असं ते धरून चालतं. वेबपानं लिहायच्या एचटीएमएलमध्ये ब्राउझर असल्या चुका सांभाळून घेतो, एक्सएमएलमध्ये लाड नाहीत. १९९८ च्या नियमांनुसार तर जी वेल-फॉर्म्ड नाही ती एक्सएमएल फाइलच नव्हे.

व्हॅलिडचं प्रकरण निराळं. कुठले टॅग हवेत, कुठल्या क्रमानं, कितीदा, आत आकडा हवा की तारीख, हे समोरच्यानं आधी लिहून ठेवलेलं असतं. पूर्वी हे नियम डीटीडी नावाच्या पद्धतीत लिहायचे, ती एसजीएमएल या जुन्या भाषेतून आली, पण तिला आकडा आणि तारीख यातला फरक धड सांगता येत नाही म्हणून २००१ मध्ये एक्सएमएल स्कीमा आली. (स्कीमा बरं का, दुकानातली दिवाळीची स्कीम नव्हे!)

आता हे बघा:

<चादर><लांबी>९०</लांबी></चादर>

टॅगची नावं मराठीत आहेत, चालतात, एक्सएमएलला देवनागरीचं वावडं नाही. फाइल वेल-फॉर्म्ड, शंभर टक्के. पण स्कीमात लांबी ‘इंटिजर’ म्हणजे पूर्णांक सांगितली असेल तर हीच फाइल नापास, कारण इंटिजरला इंग्रजी आकडेच लागतात, आपला ९० त्याच्या लेखी आकडाच नाही. तारखेचंही तसंच, स्कीमाच्या ‘डेट’ला आधी वर्ष मग महिना मग दिवस आणि मध्ये आडव्या रेघा लागतात, आपण सवयीनं ०५/०८/२०२४ लिहिलं की गेलं. माझा अंदाज, तुमचं घोडं इथंच कुठंतरी पेंड खातंय.

आता मराठी शब्द. वेल-फॉर्म्डला ‘सुघटित’ मला आवडतो, उच्चारायला सोपा आणि घडण बघतोय हे सांगणारा. व्हॅलिडला सगळे ‘वैध’ लिहितात, पण त्याचं उलट ‘अवैध’ होतं, आणि पेपरात अवैध म्हटलं की वाळू नाहीतर दारूच आठवते, बिचाऱ्या मालाच्या यादीवर कशाला छापा टाकायचा? शिवाय वैध म्हटलं की कायदा वाटतो, इथं तर दोन पार्ट्यांनी ठरवलेले नियम आहेत, म्हणजे एका स्कीमात बसलेली फाइल दुसरीत नापास होऊ शकते. म्हणून मी ‘नियमात बसणारी’ म्हणतो, लांबलचक आहे पण ‘कुणाच्या नियमात?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि तोच विचारायचा असतो. बोलताना मात्र बिनधास्त ‘व्हॅलिडेट होत नाही’ म्हणा, कुणाला कळायचं राहत नाही.

तर पार्टीकडून त्यांची एक्सएसडी फाइल मागून घ्या, स्कीमा त्यातच लिहिलेली असते. नाही म्हणाले तर मग व्हॅलिड नाही हे ठरवलं कशावरून, ते विचारा.