ग्रामपंचायत आणि पोलीस मिळून गावाची सुरक्षा कशी सांभाळतात?
दोघांमधला दुवा म्हणजे पोलीस पाटील. त्यांची नेमणूक 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली होते. ते सरपंचांच्या हाताखाली नसतात, हे बरेच जण विसरतात. गावात काही घडलं की ठाण्याला खबर देणं त्यांचं काम. रस्त्यावरचे दिवे ग्रामपंचायतीकडे. अंधारी वाट उजळणं हीसुद्धा सुरक्षाच आहे, त्यामुळे ग्रामसभेत हा विषय आवर्जून काढा.

आर. आर. पाटील गृहमंत्री असताना 15 ऑगस्ट 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती निवडतात आणि बांधाची, भावकीची भांडणं ती सामोपचाराने मिटवते. बाईवरचा अत्याचार किंवा जीवघेणा हल्ला मात्र समितीपुढे नेऊच नका. थेट ठाणं गाठा, नाहीतर 112 लावा.