दाखला नाही, आणि धाकटा भाऊ कडेवर

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात मांजलपूरला राहतो. समोर इमारतींची नवी स्कीम उठते आहे. दिवाळीनंतर तिथे दाहोद आणि मध्य प्रदेशातल्या अलीराजपूरकडची बरीच मजूर कुटुंबं पत्र्याच्या खोल्यांत राहायला आली. मुलं दिवसभर रेतीच्या ढिगावर असतात. जवळच्या एका शाळेत चौकशी केली तर दाखला आणि जन्माचा पुरावा मागितला. वर "होळीला गावी जातील, मग नाव कशाला घालायचं?" असंही ऐकवलं. मीच आमच्या पार्किंगमध्ये दुपारी तासभर वर्ग घेऊ का?
— एक वाचक, मांजलपूर

उत्तर: ताई, वर्ग जरूर घ्या, पण शाळेऐवजी नको. पार्किंगमधल्या वर्गाला हजेरीपट नसतो, पाठ्यपुस्तकं नसतात, मध्यान्ह भोजन नसतं. मूल गावी परतलं की तिथल्या गुरुजींना दाखवायला त्याच्या हातात काहीच राहत नाही. मी वडोदऱ्यात महापालिकेच्या शाळेत नोकरी केली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. दिवाळीनंतर येऊन होळीला जाणारी मुलं माझ्या वर्गात बसलेली आहेत. चार महिन्यांत काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी पहिलीतलं मूल चार महिन्यांत कुठून कुठे जातं ते बघावं.

आधी दाखल्याचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे त्याचं चौदावं कलम. वर्ष अर्धं झालं म्हणूनही नाकारता येत नाही, हे पंधरावं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तर त्यापायी मुलाला ताटकळत ठेवायचं नाही, हे पाचव्यात आहे. आणि नवव्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांचा वेगळा उल्लेख आहे: त्यांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहणं स्थानिक संस्थेचं काम, म्हणजे आपल्याकडे महापालिकेचं. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ साली ते सगळ्या बडोदे संस्थानात नेलं. तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड होता. कामामागे गाव सोडणाऱ्या माणसाला दंड करून काय मिळणार! आजच्या कायद्याने ती जबाबदारी सरकार आणि महापालिकेवर टाकली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी मुख्याध्यापकांशी भांडायला जाऊ नका. त्यांची अडचण खोटी नसते. जूनमध्ये या मुलांची नावं गावच्या शाळेत चढलेली असतात, आणि ऑनलाइन नोंदीत एकच मूल दोन शाळांत दाखवता येत नाही. म्हणून आईबापांकडून गावच्या शाळेचं नाव आणि गुरुजींचा मोबाइल नंबर घ्या. नंबर बहुतेक वेळा मुकादमाकडे असतो. फोन केला तर गावचे गुरुजी रजिस्टरच्या पानाचा फोटो पाठवतात. त्यांनाही मूल गेलं कुठे ही काळजी असतेच. दाहोदकडच्या मुलांना गाव सोडताना गुजरात सरकारचं मायग्रेशन कार्ड मिळालेलं असू शकतं. रेशनकार्डाच्या पिशवीत शोधायला सांगा. एवढं घेऊन पुन्हा शाळेत जा. तरीही अडलं तर त्या भागातल्या सीआरसींना, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या समन्वयकांना, भेटा, नाहीतर नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या कचेरीत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पण ताई, प्रवेश झाला म्हणजे मूल वर्गात आलं असं होत नाही. माझ्या शाळेत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी नाव घातल्यावर येईनाशी झाली. साइटवर जाऊन पाहिलं तर दोन खांबांना साडीची झोळी बांधलेली, झोळीच्या दोरीचं दुसरं टोक तिच्या पायाच्या अंगठ्याला, आणि हाताने ती लसूण सोलत होती. आई वर तिसऱ्या मजल्यावर घमेली वाहत होती. भावाला कोण सांभाळणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं तोवर तिला "शाळेत ये" म्हणण्यात अर्थ नव्हता.

तेव्हा तुमची शक्ती पहिल्यांदा इथे लावा. तीन ते सहा वर्षांची मुलं अंगणवाडीत बसू शकतात, तिथे खाऊही मिळतो. त्याहून लहानांसाठी साइटवरच सोय हवी. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याप्रमाणे पन्नासाहून जास्त बायका कामावर असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली आणि सांभाळायला प्रशिक्षित बाई ठेवावी लागत असे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नव्या कामगार संहिता आल्या आहेत. तुमच्या समोरच्या साइटला कायदा लागू होत नसेल, तर तो दाखवून उपयोग नाही. बिल्डरला भेटा, सोसायटीतली चार माणसं बरोबर न्या. सावलीतली एक खोली, पिण्याचं पाणी, आणि त्या बायकांपैकीच एकीला पूर्ण मजुरी देऊन दिवसभर मुलांजवळ बसवणं, एवढंच मागा. आमच्याकडे हे झालं. ती मुलगी दुसऱ्या आठवड्यापासून येऊ लागली. मुलं सांभाळणाऱ्या बाईची मजुरी मात्र बुडता कामा नये. ती बुडाली की खोली बंद पडते.

रस्त्याचंही पाहा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे, पण मध्ये मोठा रस्ता असला की आई लेकराला एकटं सोडत नाही, आणि ती बरोबरच करते. नेण्या-आणण्याला एक माणूस ठरवा.

आता तुमचा दुपारचा तास. तो शाळा सुटल्यावर ठेवा. अलीराजपूरची मुलं गावी हिंदीत शिकतात, इथे त्यांच्यापुढे गुजराती पुस्तक येतं, आणि घरात बोली भिलीची. हिंदी माध्यमाची शाळा जवळ असेल तर तीच धरा. नसेल तर अक्षरांपासून सुरुवात करा. गुजरातीतले ग, न, म, त, प पाटीवर लिहा आणि डोक्यावर रेघ ओढून दाखवा. मूल लगेच म्हणतं, हे तर मला येतं! नंतर क, ज, ब, भ, फ यांच्यावर वेळ द्या, तिथे खरा फरक आहे. घरची बोली बोलू द्या, हसू नका, कुणाला हसू देऊ नका. वह्या-पुस्तकं शाळेत किंवा तुमच्याकडे ठेवा, पत्र्याच्या खोलीत ती भिजतात. वाढदिवसाचा केक साइटवर नेऊन फोटो काढणं टाळा. तेवढ्या पैशांत सगळ्यांना चपला येतील.

आणि भगोरियाचे हाट, म्हणजे त्यांच्याकडचे होळीआधीचे जत्रेसारखे बाजार, लागायच्या आधी, म्हणजे होळीच्या आठवडाभर अगोदर, शाळेतून कागद करून घ्या: कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आला, कितवीत बसला, कुठले धडे झाले, वाचन-गणित कुठवर आलं. सही, शिक्का. एक प्रत आईजवळ, एक फोटो गावच्या गुरुजींना. काही कुटुंबं होळी करून परत येतात आणि पाऊस लागेपर्यंत, मक्याच्या पेरणीला जाईपर्यंत, राहतात. त्यांच्या मुलांचं नाव शाळेने मधल्या दिवसांत कमी करू नये, हे मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा.

प्रश्न: मी लहान कामं घेणारा ठेकेदार आहे. कडियानाक्यावरून (रोजंदारीचे मजूर सकाळी जिथे उभे राहतात त्या नाक्यावरून) आणलेल्या एका मजुराचा तेरा वर्षांचा मुलगा बापाबरोबर रेती चाळतो. बाप म्हणतो, तिसरीनंतर शाळा सुटली, आता लहान पोरांत बसायला लाजतो. काय करावं?
— एक वाचक, वारसिया

उत्तर: उद्यापासून त्याच्या हातातली चाळण काढून घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर जवळपास सरसकट गुन्हा आहे. घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर हातभार लावायची जी सूट आहे, ती तुमच्या साइटला लागू नाही. बाप मजूर आहे, धंदा त्याचा नाही. मुलाच्या हाताने दिवसाला जे चार पैसे सुटत असतील ते बापाच्या मजुरीत वाढवून द्या, नाहीतर तो दुसऱ्या साइटवर मुलाला उभं करील.

शाळेत त्याला तिसरीत बसवायचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे त्याचा प्रवेश वयाला साजेशा वर्गात होतो, आणि मागचं भरून काढायला वेगळं प्रशिक्षण द्यायचं असतं. चौदा पूर्ण झाली तरी आठवी होईपर्यंत फी लागत नाही. बापाला घेऊन तुम्ही स्वतः शाळेत जा. ठेकेदार बरोबर आला की बापाला मजुरी कापली जाण्याची भीती राहत नाही.