फॉरमॅट मारण्याआधी फायली काढून घ्या

प्रश्न : सेलूला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, सप्ताहाच्या पत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका अशी कामं असतात. परवा काम चालू असतानाच लाइट गेली. तेव्हापासून निळा स्क्रीन येतो आणि कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सुरू होतो. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल, सी ड्राइव्हचं सगळं जाईल. चालू कामं डेस्कटॉपवर आहेत, जुनी डी ड्राइव्हला. काही मार्ग आहे का?
— एक वाचक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, फॉरमॅटला अजून हो म्हणू नका. बिघडलंय ते विंडोज. फायली बहुतेक जागच्या जागी असतील आणि त्या वाचायला विंडोजच लागतं असं नाही. लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम हार्ड डिस्कवर काहीही न बसवता नुसत्या पेन ड्राइव्हवरून चालते. विंडोजची डिस्क तिला वाचता येते, आणि ती फुकट मिळते.

ओळखीच्या कुणाच्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची (लिनक्सचाच एक प्रकार) आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एकच फाइल, डाउनलोड करा. ३ जीबीच्या आसपास असते, म्हणून वायफाय असेल तिथे बसा. रुफस या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. त्यातलं आधीचं पुसलं जाईल. मग तो पेन ड्राइव्ह तुमच्या मशीनला लावा आणि सुरू होताना एफ१२ दाबा (एचपीला एफ९, असेंबल केलेल्या मशीनला मदरबोर्डाप्रमाणे एफ८ किंवा एफ११). यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट थेट डेस्कटॉपवर येतं. तिथे ‘इन्स्टॉल’चं चिन्ह दिसेल, त्याला अजिबात हात लावू नका.

इथे सी, डी अशी नावं नसतात. डिस्कचे भाग आकारावरून दिसतात. ज्यात ‘विंडोज’ आणि ‘यूजर्स’ हे फोल्डर आहेत तो तुमचा सी. ‘यूजर्स’मध्ये तुमच्या नावाखाली डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स सापडतील. लाइट गेल्यामुळे डिस्क नीट बंद झालेली नाही, त्यामुळे ती कदाचित फक्त वाचायला उघडेल. आपल्याला तेवढंच हवंय. बिटलॉकरची (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) ४८ आकडी किल्ली मागितली, तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून बघा, बहुतेकदा तिथे असते.

आता फॉन्ट. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण डीटीपीवाल्यांचं खरं नुकसान इथे होतं. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइल, इंटरनेटवर चालते ती सर्वमान्य पद्धत) नसतो. ‘श्री गणेशाय नमः’ दिसतं ते त्या फॉन्टमुळे. तो नसेल तर फाइल उघडते, पण इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो. म्हणून ‘विंडोज’मधला ‘फॉन्ट्स’ फोल्डर अख्खा कॉपी करा. काही फॉन्ट तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये, अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असेही बसलेले असतात. विंडोजमध्ये अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, इथे तो सरळ दिसतो. त्या फोल्डरमधलेही घ्या.

डी ड्राइव्हचंही सगळं काढा. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. शिवाय फॉरमॅट करणाऱ्याचा हात चुकला तर डीसुद्धा पुसला जातो. हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या.

कॉपीला वेळ लागेल. पुन्हा लाइट गेली तर काम अर्धवट राहील, म्हणून एखाद्या दिवसापुरता कुणाचा तरी यूपीएस मागून आणा. कॉपी झाल्याचं दिसलं तरी लगेच वायर उपटू नका. ‘इजेक्ट’ दाबा, काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा; शेवटचा डेटा तेव्हा लिहिला जात असतो.

एक मात्र आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी ती जास्त खराब होते.

कॉपी झाल्यावर बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, त्यावर तुमचे फॉन्ट बसवा आणि या लग्नसराईतल्या चार-पाच पत्रिका उघडून बघा. नावं, तिथी, मुहूर्त नीट वाचता आले, की मग दुरुस्तीवाल्याला बोलवा.